चौथी ताटली

कल्याणीनं चटईवर तीन ताटल्या मांडल्या. मी चौथी ठेवली.

तिनं चौथी उचलली, स्वतःच्या मागं पालथी घातली आणि भात वाढायला घेतला. भात नव्हताच. रिकाम्या पातेल्यात रिकामा डाव घालायचा आणि ताटलीपर्यंत आणायचा, एवढंच. पण आणायची अशी जपून, की एखादं शीत सांडलं असतं तर मी फडकं घेऊन उठले असते.

"माणसं किती गं तुझ्या घरात?" मी विचारलं.

"बाबा, आई, सम्या."

"आणि रांधणारी उपाशी?"

"मी खेळात नाहीये मावशी. मी नुसती सांगतेय."

"असं कुठं असतं? सांगणाऱ्याला काय पोट नसतं?" मी तिच्या मागून ताटली काढायला हात घातला. तिनं ताटलीवर तळवा ठेवला. हाताला पट्टी होती, पट्टीखाली सलाईनची सुई होती, म्हणून मी जोर केला नाही. नाहीतर केला असता.

मिरजेत चपलांच्या दुकानांपेक्षा दवाखाने जास्त. त्यातल्याच एका जुन्या हॉस्पिटलात, मुलांच्या वॉर्डात, मी मावशी होते. मावशी म्हणजे फरशी पुसणं, भांडं देणं-नेणं, चादरी बदलणं आणि रडणाऱ्या आयांना चहा आणून देणं. या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. वॉर्डाच्या टोकाला चादरींची खोली होती. ती रिकामी करून तिथं खेळाची खोली केली आणि ती सांभाळायला तस्नीमताई आल्या. त्या इथल्याच, सतारी करणाऱ्यांच्या गल्लीतल्या. वय असेल सव्वीस-सत्तावीस. आजारी मुलांना खेळातून कसं बरं वाटतं, याचं शिक्षण त्या मुंबईला जाऊन घेऊन आल्या होत्या. मला हसू आलं होतं. पोरं खेळवायला कॉलेज? माझ्या सासूनं सात पोरं खेळवली, तीही शेण थापता थापता.

"रंजनामावशी, माझ्या खोलीत मदतीला याल?" त्यांनी विचारलं.

"पुसायला फरशी कमी असेल तर येते," मी म्हटलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, या खोलीत सुई आणायची नाही. सिस्टरनं नाही, मोठ्या डॉक्टरांनी नाही. मुलांना अख्ख्या दवाखान्यात एक तरी जागा अशी हवी, जिथं कुणी दंड धरणार नाही. दुसरी गोष्ट, खेळ मुलाचा. मूल म्हणेल ते आपण व्हायचं. वाघ म्हणालं तर वाघ, बादली म्हणालं तर बादली. पण त्याच्या खेळात आपला हात घालायचा नाही.

पहिली गोष्ट सोपी होती.

माझं हसू जायला महिना लागला. अथणीकडची पाच वर्षांची एक पोरगी होती. सिस्टर दिसली की पलंगाखाली जायची, तिला चौघांनी धरावं लागायचं. खेळाच्या खोलीत तस्नीमताईंनी तिच्या हातात सुई नसलेली पिचकारी दिली. रोज सकाळी ती मला अकरा इंजेक्शनं द्यायची. "हलायचं नाही. रडलीस तर अजून एक देणार." मी रडायचं नाटक करायची, ती खूश होऊन अजून एक द्यायची. पंधरा दिवसांनी तिनं सिस्टरपुढं आपला आपण हात केला आणि म्हणाली, "हळू हं." तेव्हापासून मी त्या खोलीची झाले. ताईंच्या कपाटातली मराठी पुस्तकं वाचली, इंग्रजी पुस्तकांतली चित्रं पाहिली. माझं शिक्षण सातवी, पण मला वाटायला लागलं, आपल्यालाही यातलं बरंच कळतं.

डोक्याला कळलं असेल. हाताला कळायचं राहिलं होतं.

आमच्या घरी ताटात तीन भाकरी वाढत नाहीत. तिसरी वाढायची वेळ आलीच तर तिचा कोपरा मोडून वेगळा ठेवायचा, म्हणजे चार झाल्या. तीन भाकरी मेलेल्या माणसाला वाढतात, असं सासू सांगायची. घरात तिघंच जेवायला बसले तर ती देवाच्या नावानं चौथी वाटी तरी मांडायची. मी सोळाव्या वर्षी त्या घरात आले. तेव्हापासून तीन दिसले की माझा हात आपोआप चौथ्याकडं जातो. त्याला विचार लागत नाही.

कल्याणी नऊ वर्षांची. कवठेमहांकाळच्या पलीकडं तिचं गाव. बाप द्राक्षं पॅकिंगच्या कामाला, आई उज्ज्वला ब्लाउज शिवायची. धाकटा भाऊ समर्थ चार वर्षांचा, म्हणजे सम्या. रक्ताचा आजार म्हणून दोन वर्षं पोरगी आमच्या वॉर्डात येऊन-जाऊन होती. मध्ये सात महिने बरी राहिली, केस आले, शाळेत गेली. मग आजार उलटून आला. जानेवारी संपताना मोठ्या डॉक्टरांनी आईबापांना आत बोलावलं. अर्ध्या तासानं दोघं बाहेर आले. बाप सरळ जिना उतरून खाली गेला. उज्ज्वला माझ्याजवळ आली, माझे ओले हात तसेच धरले आणि म्हणाली, "मावशी, तिला कळू देऊ नका. तेवढं करा. तिला काय बी कळता कामा न्हाई."

मी हो म्हटलं. सगळ्यांनी हो म्हटलं. आणि मग आम्ही सगळे जरा जास्तच हसायला लागलो. सिस्टर हसायच्या, झाडूवाला हसायचा, एरवी कपाळावरची आठी न मोडणारे डॉक्टर तिच्या पलंगापाशी येऊन विनोद सांगायचे. दोन वर्षं त्या वॉर्डात काढलेली पोर. कुठल्या सलाईनचा रंग कसा, कुणाच्या पलंगाभोवती पडदा कधी ओढतात, तिला सगळं पाठ. आमच्या या हसण्याचं तिला काय वाटत असेल, हे कुणी मनात आणलं नाही.

त्याच आठवड्यात तिनं भातुकली काढली.

एरवी ती भातुकलीला हात लावायची नाही. "लहान पोरींचं आहे ते," म्हणायची. आमच्या खोलीत लाकडी, कापडी काही चालायचं नाही, सगळं धुता आलं पाहिजे. म्हणून स्टीलची भातुकली होती आणि रोज संध्याकाळी औषधाच्या पाण्यातून ती काढून पुसून फळीवर लावायचं काम माझं. ती फळीपुढं उभी राहिली आणि एकेक भांडं मोजून उतरवलं. बाबा म्हणून रबरी गळपट्टी घातलेलं प्लॅस्टिकचं अस्वल घेतलं. सम्या म्हणून रबरी बदक. आई म्हणून तिला काही सापडेना.

"ही बाहुली घे की," मी म्हटलं.

"नको. आई खरीच पाहिजे. तिला बोलव ना मावशी."

मी उज्ज्वलाकडं गेले. ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून कुणाच्यातरी ब्लाउजला हातानं हुक लावत होती.

"कल्याणी खेळायला बोलावतेय तुला."

"मला?"

"भातुकली मांडलीय. आई पाहिजे म्हणते."

तिनं दोरा दातानं तोडला. "मावशी, पोरगी माझी तिकडं अशी, आणि मी भातुकली खेळत बसू? बघणारा काय म्हणंल? तिला जरा पडू द्या. उगं दमवू नका."

"दहा मिनटं ये."

"माझ्याच्यानं न्हाई व्हायचं," ती म्हणाली आणि पुढचा हुक शोधायला लागली. पिशवीत शोधत राहिली, सापडल्यावरही.

म्हणून आईची जागा रिकामी ठेवून कल्याणी रोज खेळायची. अस्वल कामावरून यायचं, बदक रडायचं, स्वयंपाक व्हायचा, तीन ताटल्या मांडल्या जायच्या. अस्वल रोज पहिल्या घासाला म्हणायचं, "आमटीत मीठ जास्त झालंय." त्यावर कल्याणी आईच्या आवाजात म्हणायची, "उद्यापास्नं तुम्हीच करा." मी पोट धरून हसायची. आणि रोज मी चौथी ताटली ठेवायची, रोज ती काढायची. मला वाटायचं, औषधांनी डोकं जड होतं, विसरत असेल बिचारी.

तस्नीमताईंनी एक दिवस भांडी धुताना मला विचारलं, "मावशी, तुम्ही चौथी का ठेवता?"

"अहो, तीन मांडत नाहीत."

"कुणी?"

"कुणीच नाही. अपशकुन असतो. आणि तिची तिला नको का? विसरते ती."

"गेल्या मंगळवारी तुमच्या बांगडीचा टवका उडाला होता, ते तिनं सांगितलं मला. ती विसरत नाही." त्यांनी पाणी बंद केलं. "मला वाटतं, तिला आईला काहीतरी सांगायचंय. बोलून सांगता येत नाही, कारण आपण कुणी तिला बोलू देत नाही. म्हणून असं सांगतेय. सांगू द्या तिला. ठेवू नका चौथी."

मी मान हलवली. त्यांचं म्हणणं मला कळलं नाही, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. खरं तर कळायच्या दारातच मी उभी होते. दार मीच लोटून घेतलं होतं.

शेवटी ताईंनीच उज्ज्वलाला आणलं. काय बोलल्या कोण जाणे, एका शुक्रवारी अकराच्या सुमाराला ती खोलीच्या दारात आली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी. कल्याणीनं त्या दिवशी डोक्याला नवा रुमाल बांधून मागितला होता. चटई पुसून ठेवली होती. आईला बघून ती उठली नाही, उठवत नव्हतं, पण चटईवर हात थोपटून म्हणाली, "इथं बस. चुलीपुढं."

"मी कोण व्हायचं?" उज्ज्वलानं विचारलं.

"तू आईच हो."

उज्ज्वला बसली. आधी नुसतीच बसली. मग कल्याणीनं तिच्यापुढं छोटी परात सरकवली, आणि त्या बाईच्या हातांना कुणी सांगावं लागलं नाही. रिकाम्या परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, मळलं, गोळा केला आणि भाकरी थापायला लागली. थप थप आवाज घुमला. मध्येच तिनं हवेतलं पीठ हाताला लावलं. कल्याणी टक लावून बघत होती. अस्वल कामावरून आलं. बदक रडलं. उज्ज्वला बदकाला म्हणाली, "गप रे सम्या, देते," आणि स्वतःशीच हसली. खिडकीपाशी तस्नीमताई वही घेऊन बसल्या होत्या, पण लिहीत नव्हत्या. मी दारापाशी भांड्यांचं टोपलं घेऊन उभी.

"झाला स्वयंपाक," कल्याणी म्हणाली. "आता ताटं मांड आई. मी देते."

तिनं एकेक ताटली आईच्या हातात दिली. "ही बाबांना." उज्ज्वलानं ती अस्वलापुढं ठेवली. "ही सम्याला." ती बदकापुढं ठेवली. "ही तुला."

उज्ज्वलानं तिसरी घेतली, आपल्यापुढं ठेवली आणि चौथीसाठी हात पुढं केला.

कल्याणीनं हात मांडीवर घेतले. "झाली," ती म्हणाली. "वाढ आता."

उज्ज्वलाचा हात तसाच पुढं राहिला. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली, तिचं एक चाक करकरत होतं. कल्याणी आईच्या तोंडाकडं बघत होती. थांबली होती. तिला घाई नव्हती. तिच्या आईच्या ओठाचा कोपरा हलायला लागला होता. अजून थोडा वेळ गेला असता तर काय झालं असतं, मला माहीत नाही. ते कळण्याइतका वेळ मी जाऊ दिला नाही.

"अगं, कल्याणीचं ताट राहिलंच की," मी म्हणाले. मोठ्यानं, हसत. टोपल्यातून ताटली काढली, पुढं झाले आणि पोरीच्या मांडीपुढं ठेवली.

"बघा की," उज्ज्वला लगेच म्हणाली. बुडणाऱ्याला काठ लागावा तशी म्हणाली. "माझं ध्यानच न्हाई. माझ्या बाईचंच राहिलं होय?" आणि डाव भरून तिनं सगळ्यात आधी चौथ्या ताटलीत वाढलं. भात वाढला, वर आमटी वाढली, अख्खी भाकरी ठेवली.

कल्याणीनं माझ्याकडं पाहिलं. मग आईकडं पाहिलं. मग ताटली जवळ ओढून ती जेवायला लागली. ओठ हलवत, बोटं चाटत, सगळं संपवलं.

"छान झालंय," ती म्हणाली. पाहुणी म्हणते तसं.

उज्ज्वला बाहेर पडताना माझ्या कानाशी म्हणाली, "किती दिसांनी खेळली हो माझ्यासंगं." मला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी मी वॉर्डाची फरशी दोनदा पुसली. तस्नीमताईंनी भांडी स्वतःच धुतली.

त्यानंतर चार दिवस कल्याणीनं भातुकली काढली नाही. चित्रांचे तुकडे जुळवले, नाहीतर खिडकीतून बघत बसली. पाचव्या दिवशी तिला चाकाच्या खुर्चीतून खोलीत आणावं लागलं. चटईवर टेकवल्यावर म्हणाली, "मावशी, ये. आज तू आई हो."

"मी होते की," मी म्हटलं. आज मी शहाण्यासारखी खेळणार होते.

"ताटं मांड."

मी मांडली. अस्वलाला एक, बदकाला एक, मला एक. आणि चौथी माझ्या हातात होती. कधी उचलली ते मला कळलं नव्हतं.

"तीन," कल्याणी म्हणाली.

"तीन मांडत नाहीत गं राणी."

"मांडतात." ती मला समजावत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, आमच्या शाळेतल्या बाई बेरीज चुकली की बोलायच्या तसा आवाज होता. "सवय नाही म्हणून जड जातं. ठेव खाली ती. परत मांड."

मी परत मांडली. तीन मांडल्या.

"बघ, आलं तुला," ती म्हणाली. मग बराच वेळ अस्वलाची गळपट्टी नीट करत बसली. "आईला लई जड जाणार आहे. मी आहे तोवर सवय झाली असती तर बरं झालं असतं. मी सांगितलं असतं तिला, असं असं कर म्हणून."

माझ्या सगळ्या आयुष्यात एवढा मोठा प्रश्न मला कुणी विचारला नाही. आणि तो प्रश्नही नव्हता. मी नुसतं "हो" म्हणायचं होतं. "हो, जड जाणार आहे," एवढंच.

"काहीतरीच बोलतेस," मी म्हणाले. "तुला काय झालंय? उन्हाळ्यात घरी जाशील, आंबे खाशील."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिचा चेहरा कंटाळलेल्या मोठ्या माणसासारखा झाला.

"बरं," ती म्हणाली. "तू जा मावशी. तुला फरशी पुसायची असेल."

मी बाहेर गेले. बादली भरून घेतली आणि नळापाशी बसून राहिले. तस्नीमताई शोधत आल्या तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्या माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सोमवारी आईला परत आणते," त्या म्हणाल्या. "या वेळी तुम्ही बाहेर थांबा."

रविवारी सम्या आला. लहान मुलांना वॉर्डात सोडत नसत, पण खेळाच्या खोलीला व्हरांड्यातून वेगळं दार होतं, तिथून त्याला आत घ्यायचे. मी मुद्दाम आत गेले नाही. दाराच्या काचेतून पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, तो समोर मांडी घालून. मध्ये भातुकली. तो ताटल्या मांडत होता, आणि ती त्याला काहीतरी सांगत होती, एक बोट वर करून. तो मान हलवत होता. एकदा दोघंही दाराकडं बघून हसले. मला वाटलं, चला, खेळताहेत भावंडं. पहिल्यांदाच मी ताईंचं ऐकलं होतं, हात घातला नव्हता.

सोमवारी पहाटे तिला ताप चढला. खेळाची खोली तिनं परत पाहिली नाही. गुरुवारी दुपारी कल्याणी गेली. तिच्या पलंगाभोवतीचा पडदा मीच ओढला.

उज्ज्वला नोव्हेंबरात परत आली. मी खेळाच्या खोलीत धुतलेली भातुकली पुसत होते. दारात चाहूल लागली म्हणून वर पाहिलं, तर ती, आणि तिच्या पदराला धरून सम्या. तो दोन बोटं उंच झाला होता. ती उतरली होती.

"ताईंना भेटायचं होतं," ती म्हणाली. "ह्याला दाखवायला आणलंय."

तस्नीमताईंनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. उभ्यानंच सांगायला लागली, खालच्या आवाजात, पण त्या खोलीत सगळं ऐकू यायचं.

"ह्याच्या डोक्यात काय शिरलंय बघा जरा. रोज रात्रीला मी ताटं घेते. माझ्याकडनं चारच घेतली जात्यात, काय करू. हात जातो. तर हा उठतो, एक ताट उचलतो आणि फळीवर नेऊन ठेवतो. रोज. एक दीस चुकला न्हाई. बोलत न्हाई, रडत न्हाई, नुसतं उचलतो आणि ठेवतो. ह्याचे बाबा उठून बाहेर जात्यात. मागच्या आठवड्यात मी मारलं ह्याला. लई मारलं. तर मार खाल्ला, आणि परत उठून ताट उचललं." तिनं सम्याकडं पाहिलं. "बहिणीवर एवढा जीव होता, आणि तिचं ताट कसं उचलवतं ह्याला? ह्यो असा कसा झाला ताई?"

"त्याला विचारलंत, का उचलतो?"

"विचारलं की. सांगायचं न्हाई म्हणतो."

सम्या आमच्यात नव्हता. तो चटईवर जाऊन बसला होता. मी पुसून ठेवलेल्या भांड्यांतून त्यानं पातेलं घेतलं, डाव घेतला. फळीवरनं अस्वल ओढून काढलं. बदक मात्र घेतलं नाही, आता स्वतःच होता ना. मग ताटल्या मोजल्या. अस्वलापुढं एक. आपल्यापुढं एक. रिकाम्या जागेपुढं एक.

आणि थांबून त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडाकडं नाही, हाताकडं. माझ्या हातात फडकं होतं आणि फडक्यात चौथी ताटली.

"ती तिथंच ठेव," तो म्हणाला.

"बरं," मी म्हणाले.

"माझी ताई म्हणली हुती, मावशी चौथी ठेवंल. ठेवू द्यायची न्हाई."

उज्ज्वला गर्रकन वळली. "कवा म्हणली?"

"इथंच. खेळताना." त्यानं पातेल्यात डाव फिरवला. "आई बी ठेवंल म्हणली. रोज उचलायची. आई मारंल, तरी उचलायची. तिला सवय न्हाई म्हणून मारंल, म्हणली."

उज्ज्वला भिंतीला धरून खाली बसली. आवाज न करता तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मी पुढं व्हायला निघाले. तस्नीमताईंनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी जागच्या जागी राहिले. सम्या आईकडं बघत होता. तो घाबरला नाही, जवळ गेला नाही, मांडी मोडली नाही. बहिणीनं दिलेलं काम तो करत होता. थांबण्याचं काम. भिंतीवरचं घड्याळ मी कितीदा पाहिलं असेल. बऱ्याच वेळानं तिचे खांदे हलायचे थांबले, तिनं नाक पुसलं, वर पाहिलं.

मग तो म्हणाला, "आई, वाढ."

ती गुडघ्यांवर सरकत चटईपर्यंत आली. रिकाम्या जागेवर बसली. त्यानं तिच्या हातात डाव दिला. तिनं अस्वलाला वाढलं, त्याला वाढलं. मग कितीतरी वेळ डाव हातात धरून बसली आणि शेवटी आपल्या ताटलीत वाढून घेतलं.

सम्यानं पहिला घास घेतला. तोंड वाकडं केलं.

"आमटीत मीठ जास्त झालंय," तो अस्वलाच्या आवाजात म्हणाला.

उज्ज्वलाच्या घशातनं कसलासा आवाज आला. हसू होतं की काय होतं, मला ठरवता आलं नाही.

"उद्यापास्नं तुम्हीच करा," ती म्हणाली.

मी हातातली ताटली पुसली. कोरडी झाली होती, तरी अजून एकदा पुसली, आणि फळीवर ठेवली.